सँटोरिनीत लग्न की लग्नानंतर सँटोरिनी: एका डेस्टिनेशन वेडिंगच्या नियोजनाचा प्रकरण अभ्यास

एखाद्या दूरच्या बेटावर लग्न करावे आणि तिथूनच मधुचंद्राला निघावे, ही कल्पना एका वाक्यात मावते. म्हणूनच बहुधा ते एकच काम आहे असा समज होतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगवेगळी कामे असतात: विवाहाची कायदेशीर नोंद, आप्तेष्टांसमोरचा सोहळा आणि फक्त दोघांचा प्रवास. या तिन्हींच्या अटी, मुदती आणि अनुकूल ऋतू वेगळे असतात. तिन्ही एका तारखेला आणि एका ठिकाणी बांधली की एकाची अडचण उरलेल्या दोघांवर येऊन आदळते. ती सोडवून वेगळी केल्यावर काय घडते, हे दाखवण्यासाठी पुढील प्रकरण मांडले आहे. ते कोणा एका कुटुंबाचे नाही. अशा नियोजनांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एका जोडप्याच्या हकिकतीत गुंफून ते अभ्यासासाठी रचलेले आहे. स्थळे, ऋतू आणि नियम मात्र आहेत तसेच घेतले आहेत.

मूळ बेत

वधूचे वय 31, वराचे 36. दोघेही नोकरी करणारे, आणि दोघांनाही एका वर्षात जास्तीत जास्त 18 दिवसांची रजा मिळू शकत होती. वराचा हा दुसरा विवाह होता. पहिल्या विवाहाचा घटस्फोट न्यायालयातून रीतसर झालेला होता. वधूच्या जन्मदाखल्यावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव यांत एका अक्षराचा फरक होता, जो तोपर्यंत कोणाला खटकला नव्हता. आमंत्रितांची पहिली यादी 110 जणांची होती आणि ही माणसे तीन खंडांत विखुरलेली असल्यामुळे लग्न कुठेही केले तरी निम्म्यांना विमानाने यावे लागणारच होते. परक्या स्थळी लग्न करण्याच्या बाजूने केले जाणारे बहुतेक युक्तिवाद हौसेचे असतात. हा मात्र खरा युक्तिवाद होता, आणि त्यामुळे बेतच सोडून द्या असा सल्ला येथे योग्य ठरला नसता.

ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात ग्रीसमधील सँटोरिनी बेटावर, इया गावात, कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या आणि समुद्राने भरलेल्या विवराच्या, बाजूला उघडणाऱ्या एका गच्चीवर सूर्यास्ताच्या वेळी विवाह व्हावा, तोच कायदेशीर विवाह असावा, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अथेन्समार्गे मालदीवला निघून तिथे आठ रात्री राहावे, असे ठरले होते. लग्नाला चौदा महिने अवकाश होता. गच्चीच्या मालकांनी तारीख राखून ठेवण्यासाठी दहा दिवसांत अनामत मागितली होती. ती कोणत्याही कारणाने परत मिळणार नव्हती, आणि तरीही ती भरण्याची दोघांची तयारी होती. हे दहा दिवस त्यांनी त्याच गच्चीचे फोटो पुन्हा पुन्हा पाहण्याऐवजी चौकशीत घालवले, हा या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय होय.

यादीपासून सुरुवात

चौकशी वधूने पाहुण्यांपासून सुरू केली. ‘येणार ना?’ असे विचारले की माणसे प्रेमापोटी ‘नक्की’ म्हणतात, आणि त्या होकाराच्या भरवशावर खोल्या राखून ठेवता येत नाहीत. म्हणून तिने प्रत्येक घराला तीन नेमके प्रश्न विचारले: सांगितलेल्या आठवड्यात सलग पाच दिवस निघता येईल का, पासपोर्ट आणि व्हिसाची स्थिती काय आहे, आणि प्रवासखर्च स्वतः करण्याची तयारी आहे की यजमानांनी तो करावा अशी अपेक्षा आहे. तिसरा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, हे खरे. पण तो आधी विचारला नाही तर त्याचे उत्तर शेवटच्या महिन्यात रुसव्याफुगव्यांतून मिळते, आणि तेव्हा ते अधिक महाग पडते.

110 पैकी 58 जणांची उत्तरे तिन्ही बाबतींत अनुकूल आली, 35 जणांना येणे शक्यच नव्हते आणि 17 जण अनिश्चित राहिले. या 17 जणांत वधूची 81 वर्षांची आजी होती, जी घराबाहेर चाकांच्या खुर्चीवर अवलंबून होती. वराची एक जवळची मैत्रीण होती, जिचे बाळ लग्नाच्या वेळी चार महिन्यांचे असणार होते. आणि वधूचा मामेभाऊ होता, ज्याला शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) लागणार होता आणि ज्याचा पासपोर्ट मुदत संपण्याच्या बेतात होता. ज्या 58 जणांना काहीच अडचण नव्हती त्यांना कोणतेही बेट चालले असते. स्थळाची निवड ठरवायची ती या मोजक्या अवघड पाहुण्यांवरून, आणि आजीशिवाय लग्न करायचे नाही एवढे वधूने स्पष्ट सांगितल्यावर बरेच पर्याय वाद न घालताच गळून पडले. येऊ न शकणाऱ्या 35 जणांसाठी परतल्यावर एक साधे स्वागत ठेवावे, हेही तेव्हाच ठरले आणि त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

व्हिसाचा मुद्दा वरवर पाहुण्यांचा खासगी प्रश्न वाटतो, पण त्याचे वेळापत्रक यजमानांना पाळावे लागते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो करावा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि शेंगेन क्षेत्रातून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. वैद्यकीय विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोंचे असावे लागते. अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावाही लागतो. याचा अर्थ असा की ज्यांना व्हिसा लागतो त्यांच्या खोल्या सहा महिने आधी त्यांच्या स्वतःच्या नावाने निश्चित झालेल्या असाव्यात. ‘वधूकडील 20 खोल्या’ एवढी मोघम नोंद त्यांच्या उपयोगाची नसते. ऑगस्टच्या प्रवासासाठी अर्जाची वेळ मिळवणे उन्हाळ्याच्या गर्दीमुळे अवघड असते, हा तारीख पुढे ढकलण्याच्या बाजूचा पहिला मुद्दा ठरला.

नोंदणी आणि सोहळा यांची फारकत

ग्रीसमध्ये नागरी विवाह 1982 पासून कायद्याने मान्य आहे आणि परदेशी जोडप्यांनाही तो करता येतो, त्यामुळे मूळ बेत अशक्य नव्हता. प्रश्न कागदपत्रांच्या साखळीचा होता. जन्मदाखला, विवाहास कायदेशीर अडसर नसल्याचे प्रमाणपत्र आणि आधीचा विवाह झालेला असल्यास घटस्फोटाचा अंतिम हुकूम, हे सर्व मूळ देशातून मिळवायचे, त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे शासकीय प्रमाणन, घ्यायचे, मग अधिकृत ग्रीक भाषांतर करून घ्यायचे, आणि त्यानंतर स्थानिक नगरपालिकेकडे विवाह परवान्यासाठी अर्ज करायचा. अपोस्टिलची पद्धत 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून आली. तिने दूतावासांच्या साखळी-प्रमाणीकरणाची गरज सदस्य देशांपुरती संपवली. पण सर्व देश त्यात प्रारंभापासून नाहीत. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर 2023 मध्ये आणि कॅनडात जानेवारी 2024 मध्ये लागू झाला. शिवाय दोन्ही देश सदस्य असूनही एकाने दुसऱ्याबाबत आक्षेप नोंदवलेला असेल, तर त्या दोघांमध्ये अपोस्टिल चालत नाही. म्हणून ‘आमचा देश सदस्य आहे’ एवढ्यावर न थांबता दोन देशांची जोडी तपासावी लागते.

या जोडप्याच्या बाबतीत साखळीचे दोन दुवे कच्चे होते. घटस्फोटाच्या हुकुमावर तो अंतिम झाल्याचा शेरा नव्हता, आणि वधूच्या नावातील एका अक्षराचा फरक दुरुस्त करायचा तर त्याला स्वतंत्र प्रक्रिया होती. अडसर नसल्याच्या प्रमाणपत्राची वैधता सहसा मर्यादित असते, त्यामुळे ते फार लवकर काढता येत नाही; आणि भाषांतराला वेळ लागतो, त्यामुळे फार उशिरा काढूनही चालत नाही. या अरुंद फटीत एखादा कागद अडकला असता, तर पाऊणशे माणसे बेटावर पोहोचलेली आणि विवाह मात्र बेकायदा, अशी अवस्था आली असती.

इतर ठिकाणचे नियमही त्यांनी पाहिले. फ्रान्समध्ये दोघांपैकी एकाचे किंवा त्याच्या आईवडिलांचे त्या गावाशी वास्तव्याचे नाते असावे लागते. तसे नसेल तर महिनाभराचे सलग वास्तव्य आणि त्यानंतर दहा दिवसांची जाहीर सूचना, यातून सुटका नाही. उलट जिब्राल्टर झटपट नोंदणीसाठी कित्येक दशके प्रसिद्ध आहे. जॉन लेनन आणि योको ओनो यांनी 20 मार्च 1969 रोजी तिथे लग्न केले, ते इतर ठिकाणी कागदपत्रांनी अडवल्यानंतरच. जगप्रसिद्ध असण्याचाही या खिडकीवर उपयोग होत नाही, असे त्यावरून म्हणता येईल.

शेवटी कायदेशीर नोंदणी राहत्या गावी, सोहळ्याच्या चार महिने आधी, साक्षीदारांपुरती करावी आणि बेटावर केवळ सोहळा करावा असे ठरले. याला वराच्या वडिलांनी हरकत घेतली. लग्न आधीच झालेले असेल तर लोकांना इतक्या लांब बोलावून दाखवायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बिनतोड नसला तरी पोकळही नव्हता. नोंदणीच्या दिवशी भावंडांव्यतिरिक्त कोणाला बोलवायचे नाही, फोटो फिरवायचे नाहीत, आणि ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवायचीही नाही, या तीन गोष्टी मान्य झाल्यावर ते राजी झाले. तिसरी अट त्यांचीच होती आणि माझ्या मते ती सर्वांत शहाणपणाची होती. कारण अशी गोष्ट सोहळ्यातच कोणाच्या तरी तोंडून निसटते आणि मग आनंदाच्या प्रसंगी फसवल्याची भावना उरते. नोंदणी वेगळी केल्याने कायद्याच्या लेखी विवाहाची तारीख नोंदणीचीच राहते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तीच लिहावी लागते, एवढे भान मात्र ठेवावे लागते.

कागदपत्रे अगदी निर्मळ असतील, पहिलाच विवाह असेल आणि स्थळी आठवडाभर आधी जाऊन राहण्याइतकी सवड असेल, तर परदेशात कायदेशीर विवाह करण्यास हरकत नाही. यांपैकी एक गोष्ट जरी कमी असेल, तरी मी नोंदणी घरीच उरकण्याच्या बाजूचा आहे.

वारा, पायऱ्या आणि दुसरे बेट

एजियन समुद्रावर जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, त्यामुळे फोटोत तो दिसत नाही. पण उघड्या गच्चीवर फुलांची कमान, ध्वनिक्षेपक आणि बोलणाऱ्याचा आवाज या तिन्हींची तो वाट लावतो. वारा बोफर्ट मापावर साधारण 8 च्या वर गेला की बंदर अधिकारी जहाजे रोखून धरतात, आणि वेगवान जहाजांवर ही बंधने त्याआधीच येतात. बेटावर जहाजाने पोहोचणारे पाहुणे अथेन्सच्या धक्क्यावर अडकू शकतात ते ऐन उन्हातच.

पायऱ्यांचा प्रश्न त्याहून निर्णायक होता. इया आणि फिरा ही गावे कड्याच्या अंगावर वसलेली आहेत. फिराच्या जुन्या बंदरापासून वर गावात येणाऱ्या वाटेवरच सहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तिथे तारेवरून चालणारा पाळणा (केबल कार) आहे, परंतु गावांतर्गत गल्ल्यांना पर्याय नाही. आजीला खुर्चीसह उचलून नेता येईल असे गच्चीच्या मालकांनी कळवले होते. वधूने ते आजीला विचारले, आणि पोत्यासारखे उचलून न्यायचे असेल तर मी घरीच बरी, असे उत्तर आले. त्यानंतर त्या गच्चीवर चर्चा करण्याचे कारण उरले नाही.

बाकीची कारणे पूरक होती. जेमतेम 76 चौरस किलोमीटरच्या या बेटावर क्रूझ जहाजांमधून येणाऱ्यांची गर्दी एवढी वाढली की 2025 पासून त्यांच्यासाठी दिवसाला 8,000 ची मर्यादा घालावी लागली. ऑगस्टमध्ये सूर्यास्ताच्या वेळी इयाच्या गल्लीतून वऱ्हाड नेणे म्हणजे अनोळखी लोकांच्या कॅमेऱ्यांतून वाट काढणे. 2025 च्या फेब्रुवारीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाल्याने हजारो लोकांना बेट सोडावे लागले होते. त्या धक्क्यांमुळे हे बेट कायमचे बाद ठरते असे मला वाटत नाही, पण परत न मिळणाऱ्या अनामतीकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी बदलायला हवी.

पर्यायांचा विचार ऋतूवरून झाला. कॅरिबियन बेटांवर 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असल्याने ती लगेच मागे पडली. मॉरिशसला सप्टेंबर चांगला असतो, कारण तिथला वादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल-मे असा असतो; पण बहुतेक पाहुण्यांना ते फारच लांब होते. बालीचा विचार मार्चसाठी झाला, आणि न्येपी या मौनाच्या दिवशी तिथला विमानतळ पूर्ण 24 तास बंद असतो हे कळल्यावर तारखांचे गणित जमेना. शेवटी निवड झाली ती सँटोरिनीच्या दक्षिणेला असलेल्या क्रीट बेटाची, आणि तारीख सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारची.

क्रीट सुमारे 8,300 चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे सँटोरिनीच्या शंभरपटीहून मोठे. हेराक्लिओन आणि हान्या असे दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथे आहेत, त्यामुळे पाहुण्यांना जहाजावर अवलंबून राहावे लागत नाही. हेराक्लिओनला विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे. 81 वर्षांची आजी आणि तान्हे बाळ बरोबर असताना याचे वजन कॅल्डेराच्या देखाव्यापेक्षा जास्त. हान्याजवळ एका जुन्या शेतघराचे सपाट, फरसबंद अंगण मिळाले, जिथे गाडी थेट फाटकाशी जाते. सप्टेंबरअखेर मेल्तेमीचा जोर ओसरलेला असतो आणि समुद्राचे पाणी पोहण्याइतके उबदार असते. सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, म्हणून सोहळ्याची वेळ साडेपाचची धरली, जेणेकरून सोहळा उन्हाच्या तिरिपेत आणि भोजन संधिप्रकाशात व्हावे.

या काळात शरदातला पहिला पाऊस मात्र येऊ शकतो. त्यासाठी त्याच आवारातले छत असलेले दालन राखून ठेवले. अशा पर्यायी व्यवस्था पुष्कळजण करतात. पण ती कधी आणि कोणी लागू करायची हे ठरवत नाहीत, आणि मग वधू केस विंचरत असताना दहा जण तिला आकाशाबद्दल विचारतात. येथे सकाळी अकराला निर्णय घ्यायचा, तो फक्त वधूच्या बहिणीने, आणि एकदा घेतल्यावर तो फिरवायचा नाही, असे लेखी ठरले होते. त्या दिवशी ढग दाटले, बहिणीने दालन निवडले, चारच्या सुमारास हलकी सर येऊन गेली आणि साडेपाचला लख्ख ऊन पडले. अंगणातच करायला हवे होते, असे म्हणणारे बरेच निघाले. निर्णय तरीही बरोबर होता, कारण फुलवाले, वादक आणि ध्वनिव्यवस्थेची माणसे यांना जागा बदलायला पाच तास लागतात आणि पावसाला पाच मिनिटे पुरतात.

करारांतील बारकावे

खोल्यांचा करार हा अशा लग्नातला सर्वांत दुर्लक्षित कागद. हॉटेलने पहिल्या प्रस्तावात 40 खोल्या देऊ केल्या होत्या आणि त्यांपैकी 90 टक्के भरल्या नाहीत तर फरक यजमानांनी द्यायचा अशी अट होती. तीन प्रश्नांची उत्तरे हाती असल्यामुळे जोडप्याने 26 खोल्यांवर बोलणी केली, किमान भरणा 80 टक्क्यांवर आणला आणि 90 दिवस आधीपर्यंत न लागणाऱ्या खोल्या दंडाशिवाय सोडून देण्याची मुभा मिळवली. भरणा प्रत्येक रात्रीचा वेगळा न मोजता सर्व रात्रींचा एकत्रित मोजायचा, हे कलमही त्यांनी घालून घेतले. पाहुणे मंगळवारपासून थोडेथोडे येतात, त्यामुळे पहिल्या रात्री खोल्या रिकाम्याच असतात.

अपरिहार्य आपत्तीच्या कलमात 2020 च्या अनुभवानंतर साथरोगाचा उल्लेख बहुधा असतो, पण तेव्हा काय होणार, पैसे परत की फक्त तारीख बदलून मिळणार, हे अनेकदा मोघम सोडलेले असते. येथे भूकंप, सरकारी प्रवासबंदी आणि विमानतळ बंद पडणे यांसाठी एक वर्षाच्या आत दुसरी तारीख, आणि तीही न जमल्यास अनामतीचा ठरावीक हिस्सा परत, असे लिहून घेतले. प्रवासविमा प्रवाशाचा स्वतःचा खर्च भरून देतो, सोहळा रद्द झाल्याचा नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. आणि दोन्ही प्रकारांत पॉलिसी घेण्याआधीच जगजाहीर झालेले संकट धरले जात नाही, म्हणून विमा शेवटच्या महिन्यासाठी ठेवायचा नसतो. पहिली अनामत भरली त्याच आठवड्यात घ्यायचा असतो.

अंदाजपत्रकाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. मूळ मांडणीत शंभरातले 45 भाग जागा आणि भोजन, 25 भाग सजावट आणि छायाचित्रण, 20 भाग मधुचंद्र आणि 10 भाग घरातल्या ज्येष्ठांचा प्रवास असा हिशेब होता. राखीव काहीच नव्हते. सुधारित मांडणीत सजावटीतून 10 भाग काढून राखीव ठेवले. पाहुण्यांच्या बसफेऱ्या, वादकांचा वाढीव तास, छायाचित्रकारांचे जेवण आणि अनामत ते अंतिम भरणा या काळात बदललेला चलनाचा दर, यांत त्यातले बहुतेक गेले. मधुचंद्राच्या 20 भागांचे स्वतंत्र खाते उघडले होते, हे बरे झाले, कारण लग्नाचा खर्च वाढला की पहिली कात्री तिथेच लागते.

वधूवर पाच दिवस आधी पोहोचले आणि विवाहाचे कपडे त्यांनी हातातल्या सामानात नेले. मॉन्ट्रियल करारानुसार हरवलेल्या किंवा उशिरा आलेल्या सामानापोटी विमान कंपनीची जबाबदारी 28 डिसेंबर 2024 पासून प्रत्येक प्रवाशामागे 1,519 एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. ही भरपाई मिळाली तरी ती सोहळ्यानंतर मिळते.

मधुचंद्राचे दोन भाग

मूळ बेतातला मालदीवचा भाग कागदावर आकर्षक होता आणि तपासायला घेतल्यावर सर्वांत कमकुवत निघाला. ऑगस्टअखेर तिथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ असतो, समुद्र खवळलेला असतो आणि सरींचा नेम नसतो. निवडलेल्या रिसॉर्टवर जाण्यासाठी मालेजवळच्या वेलाना विमानतळावरून सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारे छोटे विमान, घ्यावे लागणार होते, आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. म्हणजे वाटेतले एखादे विमान चुकून दुपार टळली की ती रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढावी लागणार आणि रिसॉर्टची रात्र पैसे भरून वाया जाणार. शिवाय सीप्लेनवर सामानाची मर्यादा साधारण 20 किलो आणि हातातले 5 किलो असते. लग्नाचे कपडे, भेटी आणि महिनाभराचा शिणवटा घेऊन तिथे जाणाऱ्यांनी यांपैकी निदान पहिल्या दोन गोष्टींची सोय आधी लावावी. भेट म्हणून मिळालेली मद्याची बाटलीही मालदीवमध्ये नेता येत नाही. ती विमानतळावरच ठेवून घेतली जाते.

वराचे म्हणणे मालदीवचा नादच सोडावा असे होते. वधूचा आग्रह वेगळा होता: प्रवास पुढे ढकलायला हरकत नाही, पण पुढे ढकललेला मधुचंद्र बहुधा होत नाही, कारण नोकरी, घर आणि आजारपणे त्याची जागा भरून टाकतात. या दोन्ही म्हणण्यांना न्याय देणारा मार्ग असा निघाला की लग्नानंतर लगेच तीन रात्रींची विश्रांती आणि फेब्रुवारीत मालदीवच्या सात रात्री घ्याव्यात, आणि फेब्रुवारीची तिकिटे, अनामत आणि दोघांच्या रजेची मंजुरी लग्नाच्या आधीच उरकावी. फेब्रुवारीचा प्रवास पुढच्या वर्षाच्या रजेत धरता आल्यामुळे 18 दिवसांची मर्यादाही आड आली नाही.

तीन रात्रींसाठी निवड झाली ती सँटोरिनीची. ज्या पायऱ्यांनी लग्नाचा बेत मोडला त्या तिशीतल्या दोन माणसांना अडवत नव्हत्या. गुरुवारच्या सोहळ्यानंतर शुक्रवार पाहुण्यांना निरोप देण्यात गेला, शनिवारी हान्याहून हेराक्लिओनपर्यंतचा सुमारे 140 किलोमीटरचा रस्ता पार केला आणि रविवारी सकाळच्या वेगवान जहाजाने दोन तासांत बेट गाठले. वाऱ्यामुळे जहाज सुटले नसते तर अथेन्समार्गे विमानाचा पर्याय हेरून ठेवला होता, आणि घरी परतण्याच्या विमानाआधी अथेन्समध्ये एक रात्र मुद्दाम मोकळी ठेवली होती. एजियनमधल्या कोणत्याही बेटावरून निघून त्याच दिवशी लांब पल्ल्याचे विमान पकडण्याचा बेत मी कोणालाही करू देणार नाही.

फेब्रुवारीतल्या मालदीवसाठी काही गोष्टी सोप्या झाल्या. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ आहे. पर्यटकांना तिथे पोहोचल्यावर 30 दिवसांचा व्हिसा मिळतो. प्रवासाच्या आधीच्या 96 तासांत ऑनलाइन निवेदन भरावे लागते, एवढेच. रिसॉर्ट मात्र बदलले: सीप्लेनऐवजी स्पीडबोटीने जाता येईल असे, माले विमानतळाला जवळचे. वराला बा प्रवाळद्वीपसमूहातला हनिफारू उपसागर पाहायचा होता, जिथे मांटा मासे मोठ्या संख्येने जमतात. पण ते जमतात मे ते नोव्हेंबर या काळात, म्हणजे नेमक्या पावसाच्या दिवसांत. कोरडे आकाश आणि मांटा यांतून एकच निवडता येत होते, आणि येथे वराने माघार घेतली.

वधूला आडनाव बदलायचे होते. नोंदणी मे महिन्यात झाल्यामुळे प्रमाणपत्र हातात होते आणि तिची घाई चाललेली होती. परंतु दोन्ही प्रवासांची तिकिटे जुन्या नावाने काढलेली होती आणि तिकिटावरील नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळावे लागते. त्यामुळे नव्या पासपोर्टचा अर्ज फेब्रुवारीनंतर करायचा आणि एका अक्षराची जुनी दुरुस्तीही त्याच अर्जासोबत मार्गी लावायची, असे ठरले.

एका मुद्द्यावर दोघांचे शेवटपर्यंत जमले नाही. वराला सातही दिवस डायव्हिंग करायचे होते. सलग अनेक दिवस डुबक्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबावे, असा डायव्हर्ससाठीचा प्रस्थापित दंडक आहे, आणि परतीचे विमान सकाळी दहाचे होते. म्हणजे आदल्या दिवशी दुपारी चारनंतर पाण्यात जाणे बंद, आणि सावधगिरी बाळगायची तर आदला पूर्ण दिवसच कोरडा. संध्याकाळचे विमान घ्यावे असे त्याने सुचवले. पण त्या विमानाची पुढची जोडणी अवघ्या सव्वा तासाची होती, म्हणून वधूने नकार दिला. सकाळचे विमान कायम राहिले.